पर्यावरणशास्त्र : पदवी-अध्ययन (खानदेश)

पर्यावरणशास्त्र : निसर्ग व मानवी व्यवहार यांच्या परस्परसंबंधांचा रसायन, जीव, भूविज्ञान, भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि कायदा यांच्या आधारे अभ्यास करणारी आंतरविद्याशाखीय ज्ञानशाखा. सर्व पदवी विद्यार्थ्यांना सक्तीचा असलेला ‘पर्यावरण अभ्यास’ हा विषय निराळा. त्याचे मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या २२ नोव्हेंबर १९९१ च्या निर्देशात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी आखलेल्या पाठ्यक्रमात ५० तासिका होत्या. क्षेत्रकार्याच्या वाट्याला त्यांतील पाचच आल्या.

या शाखेचा आरंभ कोठून धरावा, याविषयी एकमत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी पर्यावरणविषयक स्टॉकहोम परिषदेपासून (१९७२) धरण्याचा प्रघात आहे. जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेल यांनी १८६६ मध्ये योजलेल्या परिस्थितिविज्ञानाच्या (इकॉलॉजी) संज्ञेपर्यंतही काही अभ्यासक मागे जातात. मात्र तो मुख्यतः जीवविज्ञानाच्या एका शाखेचा इतिहास होतो. पर्यावरणशिक्षण आंतरविद्याशाखीय असावे, असे तिबिलिसी परिषदेने (१९७७) स्पष्टपणे मांडले. पदवी-अध्ययनापुरता हा टप्पा अधिक सयुक्तिक वाटतो.

खानदेशातील महाविद्यालये पूर्वी पुणे विद्यापीठाशी संलग्न होती. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. जळगाव, धुळे व नंदुरबार हे त्याचे कार्यक्षेत्र असून २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे.

प्रात्यक्षिकांत पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचे मापन पायाभूत मानतात. ३०० मिलि.ची बाटली बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरतात. नदीकाठीच तीत मँगॅनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड प्रत्येकी २ मिलि. घालून बूच लावतात व बाटली उलटसुलट करतात. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. प्रयोगशाळेत २ मिलि. संहत सल्फ्युरिक आम्ल घालून साका विरघळवतात आणि थायोसल्फेटने अनुमापन करतात, म्हणजे रंग जाईपर्यंत ते मोजून घालतात व त्यावरून ऑक्सिजनचे प्रमाण काढतात. स्टार्च द्रावण फिकट पिवळा रंग आल्यावरच घालावे. आधी घातल्यास आयोडीन त्यात अडकून अंत्यबिंदू (रंग जाण्याचा क्षण) लांबतो. हवेचा बुडबुडा राहिल्यास आकडा फुगतो. जागेवर रसायने न घालता नमुना तसाच नेला, तर वाटेत जीवाणू ऑक्सिजन संपवतात.

खानदेशच्या उन्हाळ्यात तापमानाची नोंद अटळ आहे. संपृक्त गोड्या पाण्यात २०° से.ला लिटरमागे सुमारे ९ मिग्रॅ. ऑक्सिजन मावतो, ३०° से.ला सुमारे साडेसात. त्यामुळे तापीचा मे महिन्यातील कमी आकडा हा प्रदूषणाचा पुरावा ठरेलच असे नाही. शेवाळ असलेल्या डोहात दुपारी आकडा चढतो आणि पहाटे तळाला जातो. वेळ न लिहिलेली नोंद तुलनेसाठी निरुपयोगी असते.

अनेक विद्याशाखांचा मेळ धुळे जिल्ह्यातील पांझरेकाठी फड पद्धतीत दिसतो. बंधाऱ्याचे पाणी पाटाने येते, लाभक्षेत्राचे (भिजणाऱ्या जमिनीचे) फड म्हणजे मोठे भाग पडतात आणि एका फडात सर्वांचे पीक एकच असते. पाण्याचे वाटप पाटकरी (पाटावर नेमलेला माणूस) करतो. ही पद्धत किमान तीन-चार शतके जुनी असावी, असा सर्वसाधारण अंदाज. तिची सुरुवात त्याआधी नेणारी मतेही आहेत. पाटातील प्रवाह तरंगत्या वस्तूने मोजताना पृष्ठवेगाला साधारण ०.८५ ने गुणून पाटाच्या छेदक्षेत्राने गुणतात. हा गुणक विसरला की विसर्ग (ठरावीक वेळात वाहणारे पाणी) जास्त निघतो. पण विसर्ग अचूक मोजूनही शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणी का पोचले नाही, हे कळत नाही. त्यासाठी पाळीचा क्रम पाटकऱ्याकडून आणि शेतकऱ्यांकडून वेगवेगळा विचारून ताडून पाहावा लागतो.