जुन्या पेपरांच्या स्कॅनमधलं रोजचं सोलापूर

मराठी वर्तमानपत्रांचा इतिहास म्हटला की 6 जानेवारी 1832, बाळशास्त्री जांभेकर आणि 'दर्पण', एवढं शाळेपासून पाठ असतं. पण जुने पेपर मोबाईलवर उघडून आपल्या गावातली माणसं तेव्हा काय खात होती, धान्य काय भावानं घेत होती हे शोधायला बसलं की वेगळीच गोष्ट हाताला लागते. कुठला पेपर टिकला आणि कुठला रद्दीत गेला, हे कुणी ठरवलं?

सोलापूरचंच बघा. एकोणिसाव्या शतकात इथनं 'कल्पतरू' नावाचं साप्ताहिक निघायचं. हे नाव मला पहिल्यांदा भेटलं ते सरकारी कागदात. झालं असं की 1857 नंतर इंग्रजांना देशी भाषेतल्या पेपरांची धास्ती बसली, मग 1867 च्या कायद्यानं प्रत्येक अंकावर छापणाऱ्याचं नाव आणि छापखान्याचा पत्ता छापणं सक्तीचं झालं, आणि साधारण त्याच सुमारास सरकारी ट्रान्सलेटर लोक हे सगळे पेपर वाचून दर आठवड्याला इंग्रजीत त्यांचा सारांश काढायला लागले, तो गुपचूप साहेबांच्या टेबलावर जायचा. आज हेच रिपोर्ट स्कॅन होऊन नेटवर आलेत. त्यात पेपरचं नाव, गाव, खप असा तक्ता असतो आणि त्या तक्त्यात शोलापूर, म्हणजे आपलं सोलापूर, दिसलं की अंगावर काटा येतो खरंच.

पण यात एक मोठी गोम आहे. ट्रान्सलेटरनं काय उचललं? शेतसारा, दुष्काळ, कलेक्टरवरची टीका, म्युनिसिपालटीची तक्रार, म्हणजे सरकारला ज्याची काळजी तेवढंच. शेवटच्या पानावरची जाहिरात, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेची बातमी, कुणाची गाय हरवल्याची नोटीस असलं काही त्यांनी कशाला लिहून ठेवावं! आपल्याला नेमकं तेच हवं असतं. म्हणून सारांशावर कधीच थांबू नये, मूळ अंकाचं स्कॅन मिळत असेल तर शेवटचं पान आधी उघडावं असं माझं ठाम मत आहे.

मूळ पान वाचणं मात्र सोपं नाही, सवय करावी लागते. धान्याचे भाव 'रुपयाला इतके शेर' (शेर म्हणजे जुनं माप) असे द्यायचे, त्यामुळं आकडा मोठा म्हणजे स्वस्ताई आणि आकडा उतरला म्हणजे महागाई, आपल्या आजच्या सवयीच्या एकदम उलटं. 1876 ते 78 च्या दुष्काळातले भाव बघताना मी आधी चक्क उलटाच अर्थ लावत होते, नंतर ट्यूब पेटली की ज्वारीचा आकडा खाली येतोय म्हणजे रुपयात येणारी ज्वारी कमी होतेय, आणि मग तो नुसता आकडा राहत नाही, रिकामी होत चाललेली पिशवीच दिसायला लागते. त्याच धामधुमीच्या काळात, 1877 ला, सोलापूरची 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाली. गावाकडं पोट भरेना म्हणून माणसं शहराकडं येत होती आणि इथं भोंगा वाजायला लागला होता, या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचल्या की पेठांमधल्या चाळींचं गणित जरा उलगडतं.

तारखांचंही तसंच, बऱ्याच ठिकाणी शके असतं, त्यात 78 मिळवले की साधारण इसवी सन येतं. आणि सर्च! मशीन जुना टाईप धड ओळखत नाही, त्यातला ल आणि झ वेगळ्या वळणाचा, शाई फुटलेली, मागच्या पानाची अक्षरं पुढं उमटलेली. वरनं जुनं शुद्धलेखन. 'मुले' टाकलं तर काही मिळत नाही, कारण तेव्हा 'मुलें' छापायचे, डोक्यावर टिंब. ती टिंबं गेली 1962 च्या नियमांनंतर. त्यामुळं एक शब्द चार प्रकारे टाकून बघायचा, आणि तरी नाही मिळाला तर सरळ पान न् पान चाळायचं. चाळण्यातच जास्त सापडतं, हा माझा अनुभव.

पुढं 1930 ला तर पेपरवाल्यांचीच बातमी झाली. मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा लागला, 'कर्मयोगी' या पेपरच्या संपादकांना शिक्षा झाली, आणि 12 जानेवारी 1931 ला स्वातंत्र्यलढ्यातले जे चौघं फासावर गेले, मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, त्यातले कुर्बान हुसेन स्वतः 'गझनफर' नावाचा पेपर चालवायचे. असल्या दिवसात छापलेले कागद घरात जपून ठेवायची हिंमत किती जणांची होणार? लोकांनी चुलीत घातले असतील तर त्यांना दोष कसा द्यायचा.

मुंबई-पुण्याच्या पेपरांच्या फायली निदान ग्रंथालयांनी बांधून ठेवल्या, त्यातल्या काही स्कॅनही झाल्या. आपल्याकडची पानं कुठं कुठं विखुरलीत. मागच्या दिवाळीत आई जुनी ट्रंक साफ करत होती, तळाला पेपर अंथरलेला, पिवळा पडून पापडासारखा झालेला. तारखेचा कोपरा फाटून गेलाय, पेपरचं नावही नाही. पण चादरीची जाहिरात आहे, किंमत रुपये-आण्यात, म्हणजे नवे पैसे आले त्या एप्रिल 1957 च्या आधीचा असणार. मजकुरात टिंबंही आहेत. आई म्हणाली, "अगं ही ट्रंक माझ्या सासूबाईंची, त्यांच्या लग्नातली." आजीचं लग्न 1951 चं. दोन ताटांच्या मध्ये धरून ते पान हळूच सरळ केलं, दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि ट्रंकेत आता नवा पेपर घातलाय.