जी८ वर आता कोण उभं आहे?

‘पॅटर्न’ हा शब्द लातूरकरांना समजावून सांगायला नको. बुद्धिबळातली नजरही पॅटर्नवरच तयार होते. १९७३ मध्ये अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी खऱ्या डावातली मांडणी खेळाडूंना ५ सेकंद दाखवून झाकली. मास्टरने नवशिक्यापेक्षा कितीतरी जास्त मोहरी जागच्या जागी लावली. तीच मोहरी वाटेल तशी विखुरली, तेव्हा मात्र दोघांत फारसा फरक उरला नाही.

आता पट मांडा. (उभ्या पट्ट्या पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आडव्या ओळी त्याच्या बाजूनं १ ते ८; जी८ म्हणजे जी पट्टीतलं आठवं घर.) पांढरा: राजा जी१, वजीर सी४, घोडा जी५. काळा: राजा एच८, हत्ती डी८, प्यादी जी७ आणि एच७. चाल पांढऱ्याची. हात न लावता मात शोधायची.

घाई करणारा वजीर थेट जी८ वर टाकतो. तिथं त्याला जोर नाही. राजा वजीर खाऊन मोकळा. दुसरा घोड्यानं एफ७ वर शह देतो, राजा जी८ ला येताच डी८ चा हत्ती मारून खूश होतो. हत्ती मिळाला, मात लांबली.

खरी वाट अशी: शह एफ७ वरूनच, पण राजा जी८ ला आला की घोडा एच६ वर. आता शह दोन, घोड्याचा आणि वजिराचा. प्याद्यानं घोडा मारला तरी वजिराचा शह उरतोच, म्हणून राजालाच हलावं लागतं. एफ८ ला गेला तर वजीर एफ७ वर मात. एच८ ला गेला तर वजीर जी८ वर. आता घोड्याचा जोर आहे, त्यामुळे हत्तीनंच मारावं लागतं. मग घोडा पुन्हा एफ७ ला. मात.

इथंही एखादं पोरगं म्हणतं, “सर, राजा जी८ ला जाईल की!” त्याच्या डोक्यात हत्ती अजून डी८ वरच असतो. हललेल्या मोहऱ्याची जुनी प्रतिमा अशी मनात चिकटून राहते, हे सोव्हिएत ग्रँडमास्टर आणि मानसशास्त्रज्ञ निकोलाय क्रोगियस यांनी नोंदवलं आहे. उपाय कंटाळवाणा, पण लागू पडणारा: मनातल्या प्रत्येक चालीनंतर कोणतं घर रिकामं झालं, कोणतं भरलं, कुणाची रेघ उघडली, हे पुटपुटायचं.

रोज सोपी १५ कोडी पुरेत. आधी शह, मग मार, मग धमकी, या क्रमानं शोधायचं आणि पूर्ण ओळ वहीत लिहूनच उत्तर बघायचं. मोबाइलवर पहिली चाल ठोकून बघितली, तर पुढचं मोजण्याचा सराव होतच नाही. चुकलेली कोडी तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी पुन्हा.

लाइट गेली की पटाशिवायचा सराव: घोडा ए१ वरून एच८ ला ६ चालींत न्या, प्रत्येक घराचा रंग सांगत. ए म्हणजे १, बी म्हणजे २ असं धरून अक्षर आणि आकड्याची बेरीज करा. सम आली तर घर काळं. लागोपाठ दोन घरं एकाच रंगाची आली, तर घोडा वाट चुकला.