कळा सलाईनमधून आणल्या, तर सोसायच्या कशा?

प्रसूतीची तारीख उलटून गेली, रक्तदाब वाढू लागला, गर्भजल कमी झाले किंवा कळांआधीच पाणी गेले, की डॉक्टर कृत्रिमरीत्या कळा आणण्याचा निर्णय घेतात. बोलण्यात या उपायाला सरसकट ‘कळांचे सलाईन’ म्हटले जाते. पण सलाईन हा बहुधा त्यातला दुसरा टप्पा असतो, आणि वेदनाशामक न घेता निभावू पाहणारीने हे आधीपासून ठाऊक करून घेतलेले बरे.

पहिला टप्पा गर्भपिशवीचे तोंड मऊ करण्याचा. ते तयार नसेल, तर कितीही जोरदार कळा आल्या तरी प्रसूती पुढे सरकत नाही. तोंड किती उघडले, किती पातळ आणि मऊ झाले, त्याची दिशा कोणती आणि बाळाचे डोके किती खाली आले, यांना गुण देण्याची एडवर्ड बिशप यांनी १९६४ मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरली जाते. गुण कमी असतील तर प्रोस्टाग्लँडिनची जेल, मिसोप्रोस्टॉलची २५ मायक्रोग्रॅमची मात्रा किंवा फोली कॅथेटरचा फुगा वापरतात. पहिलटकरणीच्या बाबतीत यात अर्धा दिवस, कधी त्याहूनही अधिक वेळ जातो. पाळीसारखे दुखत राहते, अनियमित कळा येतात, आणि घड्याळाकडे बघत रात्र जागून काढली, तर खऱ्या कळा सुरू होतात तेव्हा अंगात त्राण उरत नाही. या तासांत झोपता येईल तितके झोपावे, डॉक्टरांची मनाई नसेल तर हलके खावे, आणि श्वासाचे तंत्र नंतरसाठी राखून ठेवावे. माझ्या मते औषधाविना प्रसूतीची निम्मी बाजी इथेच लागलेली असते.

त्यानंतर येते ऑक्सिटोसिन, म्हणजे कळा आणणारे संप्रेरक. मेंदूतील पीयूषिका ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकसते, हे हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये नोंदवले. व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ मध्ये हे संप्रेरक प्रयोगशाळेत तयार केले आणि १९५५ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. सलाईनमधून जाणारा रेणू शरीरातल्या ऑक्सिटोसिनसारखाच असतो. फरक आहे तो देण्याच्या रीतीत. आपोआप सुरू झालेल्या प्रसूतीत हे संप्रेरक थांबून थांबून, झटक्याझटक्याने स्रवते आणि कळा बहुतेकदा हळूहळू वाढतात, त्यामुळे शरीराला सरावायला अवधी मिळतो. सलाईनमधून मात्र ते अखंड जाते आणि ठरावीक वेळाने त्याचा वेग वाढवला जातो. त्यातच गर्भजलाची पिशवी फोडली असेल, तर सौम्य कळांपासून जोरदार कळांपर्यंतचा प्रवास फार लवकर घडतो. कृत्रिम कळा आणलेल्या स्त्रिया एपिड्युरल, म्हणजे पाठीच्या कण्यापाशी दिले जाणारे वेदनाशामक, अधिक प्रमाणात मागतात, त्यामागे हे एक कारण असावे.

तरीही एक हिशेब धीर देणारा आहे. सलाईन योग्य वेगाने चालू असताना दहा मिनिटांत साधारण चार कळा अपेक्षित असतात आणि एक कळ जेमतेम मिनिटभर टिकते. म्हणजे दहापैकी चार मिनिटे वेदनेची आणि सहा विसाव्याची. विसाव्याच्या मिनिटांत पुढच्या कळेच्या धास्तीने खांदे आणि जबडा आवळून धरले, तर ती सहाही मिनिटे वाया जातात. कळ ओसरताच मोठा उच्छ्वास टाकून अंग सैल सोडणे, हे कळेतल्या श्वसनाइतकेच मोलाचे आहे. कळ चढत असताना भराभर श्वास घेतल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरते. म्हणून उच्छ्वास श्वासापेक्षा लांब ठेवावा, आणि कण्हावेसे वाटले तर खुशाल कण्हावे.

सलाईन लावले म्हणजे उताणे पडून राहायचे, असा अनेक प्रसूतिकक्षांतला रिवाज आहे. बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवावे लागते, हे खरेच. पण यंत्राचे पट्टे लावूनही खाटेशेजारी उभे राहता येते, मोठ्या चेंडूवर बसता येते, खाटेच्या कठड्यावर ओणवे होता येते. प्रसूतीच्या पहिल्या अवस्थेत उभ्याने, बसून किंवा चालत राहिल्यास तो काळ सरासरी तासाभराहून अधिक घटतो, असे २०१३ च्या कॉक्रन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात दिसले.

कंबरेत येणाऱ्या कळांसाठी माकडहाडाच्या वरच्या भागावर तळव्याने दाबून धरणे आणि गरम पाण्याच्या पिशवीने शेकणे हे आई-आजीचे उपाय शास्त्राला धरून आहेत. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांना अडवतात. याच जागी त्वचेत निर्जंतुक पाण्याची चार छोटी इंजेक्शने देण्याचीही पद्धत आहे. ती टोचताना अर्धा मिनिट जबर आग होते. पण नंतर तास-दोन तास कंबर हलकी होते. त्यात औषध काहीच नसते.

सगळ्यांत भक्कम पुरावा आहे तो सोबतीचा. २०१७ च्या कॉक्रन आढाव्यात २६ चाचण्यांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती तपासली. अखंड सोबत लाभलेल्या स्त्रियांना वेदनाशामके कमी लागली आणि सिझेरियनही कमी झाले. प्रसूतिकक्षांचा दर्जा सुधारण्याच्या केंद्र सरकारच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही प्रसूतीसाथी अपेक्षित आहे, तेव्हा आत कोण थांबू शकेल, हे रुग्णालयात आधीच विचारून ठेवावे. सरकारी रुग्णालयांतील बहुतेकींपुढे एपिड्युरलचा पर्यायच नसतो. तिथे औषधाविना कळा सोसण्याचा प्रश्न हौसेचा नसून गरजेचा आहे.

आणखी एक प्रश्न निःसंकोच विचारावा: कळा नीट लागल्यावर सलाईनचा वेग कमी करता येईल का, किंवा ते थांबवता येईल का? डेन्मार्क आणि नेदरलँड्समध्ये झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कळांनी जोर धरल्यावर ऑक्सिटोसिन थांबवले, तेव्हा अतिकळांचे प्रमाण घटले. प्रसूतीला वेळ मात्र अधिक लागला. निर्णय डॉक्टरांचाच असला, तरी हा पर्याय अस्तित्वात आहे.

कोणती वेदना सोसायची नाही, हेही ठाऊक हवे. दहा मिनिटांत पाचाहून अधिक कळा येऊ लागल्या, दोन कळांमध्ये पोट सैल पडेना, दुखणे सलग राहू लागले, रक्त जाऊ लागले किंवा आधीच्या सिझेरियनच्या टाक्यांपाशी कळ नसतानाही दुखले, तर श्वास मोजत बसू नये, नर्सला लगेच हाक मारावी. ऑक्सिटोसिन रक्तात काही मिनिटेच टिकते. त्यामुळे सलाईन बंद केले, की कळांचा जोर बहुधा लवकरच उतरू लागतो.