यकृतातली गाठ फुटते तेव्हा

हेपॅटोसेल्युलर अ‍ॅडेनोमा ही यकृतातली गाठ कॅन्सरची नसते. पण ती फुटून पोटात रक्तस्राव झाला, तर एरवी ठणठणीत असलेल्या तरुण बाईच्याही जिवावर बेतू शकतं.

पूर्वी ही गाठ क्वचितच दिसायची. तिचा संबंध गर्भनिरोधक गोळ्यांतल्या इस्ट्रोजेन या हार्मोनशी आहे. १९६० मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळालेल्या ‘एनोव्हिड’च्या एका गोळीत १५० मायक्रोग्रॅम मेस्ट्रॅनॉल हे इस्ट्रोजेन होतं. आपल्या माला-डीत इस्ट्रोजेन ३० मायक्रोग्रॅम असतं. प्रकार वेगळा असला तरी मात्रेतली तफावत बोलकी आहे. १९७३ मध्ये जेनेट बाउम आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशी गाठ असलेल्या सात स्त्रियांची माहिती छापली. सगळ्यांनी गोळ्या घेतल्या होत्या. तेव्हापासून अशी गाठ सापडली की आधी गोळी बंद करायची, हा नियम रुजला. कित्येकदा तेवढ्यानेच गाठ आक्रसते.

गाठ फुटली की उजव्या बरगडीखाली अचानक कळ येते, कधी खांदाही दुखतो. पित्ताशयाचं दुखणं समजून वेळ जाऊ शकतो, आणि तोवर बीपी खाली येतं. त्या काळी अशा वेळी तातडीने पोट उघडून यकृताचा भाग कापून काढत. रक्ताने भरलेल्या पोटात ही शस्त्रक्रिया फार जोखमीची. सवडीने केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा तिच्यात मृत्यूचं प्रमाण कितीतरी जास्त.

एम्बोलायझेशनने, म्हणजे रक्तवाहिनी आतून बंद करण्याच्या उपचाराने, हे चित्र पालटलं. यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं, अ‍ॅडेनोमा मात्र रोहिणीच्या रक्तावर पोसतो. म्हणून जांघेतून कॅथेटर (बारीक नळी) यकृताच्या रोहिणीपर्यंत नेऊन गाठीकडे जाणारी नेमकी फांदी बंद केली, तर रक्तस्राव थांबतो आणि आजूबाजूचं यकृत तगतं. मला या उपचारातली ही सर्वात सुंदर गोष्ट वाटते. आधी सलाइन-रक्त देऊन रुग्णाला सावरायचं, रक्तस्राव थांबवायचा, मग काही महिन्यांनी एमआरआय करून शस्त्रक्रिया लागेल का ते ठरवायचं, असा क्रम आता रुळला आहे.

कोणती गाठ फुटेल, याचा मुख्य निकष अजूनही आकारच: पाच सेंटिमीटरच्या पुढे धोका वाढतो. २०१७ मध्ये फ्रेंच संशोधकांनी जनुकीय बदलांवरून एक वेगळा उपप्रकार दाखवला, त्यात रक्तस्राव जास्त आढळतो. पूर्वी अ‍ॅडेनोमा असलेल्या स्त्रीला मूल होऊ देऊ नका, असंही सांगितलं जाई. युरोपच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ती सरसकट बंदी मानली नाही. गाठ पाच सेंटिमीटरहून लहान असेल, तर गरोदरपणात दर ६ ते १२ आठवड्यांनी सोनोग्राफी करून तिच्यावर लक्ष ठेवतात.