थंडीत डिझेलमध्ये पेट्रोल ओतू नका

ट्रक थंडीत सुरू होत नसेल तर टाकीत थोडं पेट्रोल ओता, हा सल्ला ड्रायव्हर वर्षानुवर्षं एकमेकांना देत आले आहेत. जुन्या इंजिनांत तो खपूनही जायचा. आजच्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे एकाच सामाईक नळीतून सगळ्या सिलिंडरांना प्रचंड दाबाने डिझेल पुरवणाऱ्या इंजिनात, मात्र तो घातक आहे. तिथल्या हाय प्रेशर पंपाला वंगण मिळतं ते डिझेलचंच. पेट्रोल मिसळलं की हे वंगण कमी होतं आणि धातू धातूवर घासतो. शिवाय पेट्रोल नुसत्या दाबाने सहज पेटत नाही, त्यामुळे इंजिन आणखीच कुरकुरतं. टाकीतली वाफ भडकण्याचा धोका वेगळाच.

मुळात डिझेल पाण्यासारखं गोठत नाही. थंडीने त्यातलं मेण कणाकणाने सुटतं, डिझेल गढूळ होतं आणि फिल्टर तुंबतो. टाकीत ओतलेलं पेट्रोल त्या तुंबलेल्या फिल्टरपलीकडे जाणार कसं? फिल्टर बदला, गाडी उबेला आणा, थंडीसाठीचं डिझेल भरा. मेणरोधक द्रव घालायचा तर डिझेल गढूळ होण्याआधीच.

पण आधी दोष ओळखा. स्टार्टर जड फिरतोय? मग बॅटरी बघा; उणे 18 अंशांना तिची ताकद बरीच घटते. इंजिन जोरात फिरतंय आणि पांढरा धूर येतोय, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाहीये: ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणारा) किंवा हीटर तपासा. धूरच नाही, तर संशय फिल्टरवर. आणि कृपा करून टाकीखाली जाळ करू नका. त्यात माणसं भाजतात.