लोड ४०, पण सीपीयू मोकळा

रात्री अडीच वाजता फोन आला म्हणून लॉगिन केलं आणि सवयीने ‘अपटाइम’ ही कमांड दिली. लोड अ‍ॅव्हरेजचे तिन्ही आकडे चाळिशीला टेकलेले. मशीन आठ कोअरचं, लिनक्सवर चालणारं. एखादी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, सीपीयू खात असणार असं धरून प्रोसेसची ताजी यादी दाखवणारा ‘टॉप’ उघडला, तर सीपीयू ९५ टक्के रिकामा! आठ जणांच्या कामाला चाळीस जण रांगेत, आणि काम करणारे मात्र हातावर हात ठेवून बसलेले. हे कसं?

लोड अ‍ॅव्हरेज म्हणजे सीपीयूचा वापर, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात तो आकडा रांगेची लांबी सांगतो: किती प्रोसेस सीपीयूवर चालू आहेत आणि किती तिथे पोचायची वाट पाहत आहेत. ही कल्पना युनिक्सहूनही वेगळ्या घरातली. १९७३ सालीच टेनेक्स या जुन्या ऑपरेटिंग प्रणालीच्या संदर्भात ती लिहिलेली सापडते.

लिनक्सने मात्र तिच्यात एक बदल केला. ऑक्टोबर १९९३ मध्ये माटियास उर्लिक्स यांनी एक पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवला. त्यांचा मुद्दा मला आजही पटतो. स्वॅपसाठी, म्हणजे मेमरी अपुरी पडली की वापरायच्या जागेसाठी, असलेली वेगवान डिस्क काढून संथ डिस्क बसवली, तर प्रोसेस डिस्कपाशी जास्त वेळ अडकतात, सीपीयूच्या रांगेत कमी दिसतात, म्हणजे मशीन रखडत असताना लोड उलट घटतो. म्हणून डिस्कसाठी थांबलेल्या, मध्येच उठवता न येणाऱ्या प्रोसेसही त्यांनी मोजणीत घेतल्या. ‘टॉप’च्या यादीत अशा प्रोसेसपुढे ‘डी’ हे अक्षर दिसतं.

त्या रात्रीचं कोडं इथेच होतं. दर सेकंदाला मशीनची स्थिती छापणारं ‘व्हीएमस्टॅट १’ चालवलं. त्याची पहिली ओळ मी नेहमी सोडून देतो, कारण ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. दर सेकंदाचं खरं चित्र दुसऱ्या ओळीपासून सुरू होतं. ‘आर’ स्तंभात, म्हणजे सीपीयूच्या रांगेत, एक-दोनच. डिस्कची हालचाल दाखवणारं ‘आयओस्टॅट’ही शांत, मशीनच्या स्वतःच्या डिस्कला काही काम नव्हतं. मग प्रोसेसची यादी देणाऱ्या ‘पीएस’मधून ‘डी’ अवस्थेतल्या प्रोसेस वेगळ्या काढल्या. जवळपास चाळीस, आणि सगळ्या एकाच फोल्डरशी खेटलेल्या. ते फोल्डर दुसऱ्या मशीनवरून एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून, जोडलेलं होतं, आणि ते दुसरं मशीन उत्तरच देत नव्हतं.

कधीपासून, हे ‘सार’ने सांगितलं. मला या सगळ्यांत तेच साधन सर्वांत मोलाचं वाटतं. ‘टॉप’ आत्ताचं दाखवतो, पण तुम्ही उठून बघेपर्यंत गोष्ट होऊन गेलेली असते. ‘सार’ सहसा दर दहा मिनिटांनी नोंद करून ठेवतं. त्यात अडकलेल्या प्रोसेसचा आकडा दीडच्या सुमारास चढायला लागलेला स्पष्ट दिसत होता. नवा सर्व्हर हाती आला की मी पहिल्याच दिवशी ही नोंद चालू आहे ना, ते पाहतो.

तीनच्या आधी पलीकडचं मशीन पुन्हा सुरू झालं आणि अडकलेल्या प्रोसेस एकदम सुटल्या. लोडचे आकडे मात्र एकदम शून्यावर येत नाहीत. १, ५ आणि १५ मिनिटांचे म्हणतात, तरी त्या साध्या सरासऱ्या नव्हेत. दर पाच सेकंदांनी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जुन्या आकड्याला थोडं घासतो आणि नव्याचं थोडं मिसळतो. जुनं हळूहळू पुसट होत जातं. रांग पूर्ण रिकामी झाल्यावर एका मिनिटाने पहिला आकडा आधीच्या साधारण ३७ टक्क्यांवर येतो. माझ्यासमोर चाळीसचे पंधरा झाले. तिसरा आकडा तेव्हाही ३७ वर होता, आणि सर्व्हर केव्हाच मोकळा झाला होता.