मशीहाचा उगम व स्वरूप : ख्रिस्ती धर्मविचारातील वाद

येशू हाच मशीहा, याविषयी ख्रिस्ती समाजात दुमत नव्हते. परंतु हा मशीहा कोठून आला, त्याला आरंभ आहे की नाही, आणि त्याच्या ठायी देवत्व व मनुष्यत्व कोणत्या नात्याने नांदतात, यांवरून इ. स. च्या पहिल्या पाच शतकांत जे वाद झाले, त्यांतूनच ख्रिस्ती सिद्धान्ताला त्याचे आजचे रूप आले. ‘मशीआह’ या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘अभिषिक्त’ असा असून ‘ख्रिस्तोस’ हा त्याचा ग्रीक प्रतिशब्द होय. जुन्या करारात ही पदवी तेलाने अभिषेक झालेल्या राजांना व याजकांना लावलेली आहे. यशयाच्या ग्रंथात (४५:१) तर ती कोरेश या परधर्मीय इराणी सम्राटालाही दिलेली आढळते. म्हणजे मूळ पदवीत देवत्व अध्याहृत नव्हते, ही गोष्ट पुढील सर्व वादांच्या मुळाशी आहे.

नव्या करारातील लेखनात या प्रश्नाची मांडणी एकसारखी नाही. रोमकरांस पत्राच्या आरंभी (१:३-४) येशू देहाने दाविदाच्या वंशातला असून पुनरुत्थानाने देवाचा पुत्र ठरला, असे म्हटले आहे. मार्क आपली कथा बाप्तिस्म्यापासून सुरू करतो, मत्तय व लूक जन्मापासून, तर योहान सृष्टीच्याही आधी असलेल्या ‘शब्दा’पासून (लोगोस, म्हणजे देवाचा पुत्र). यावरून ख्रिस्ताच्या देवत्वाची कल्पना पायरीपायरीने मागे मागे सरकत गेली, असे काही अभ्यासकांनी मांडले. तथापि फिलिप्पैकरांस पत्रातील स्तोत्रवजा उतारा (२:६-११) बहुसंख्य अभ्यासकांच्या मते ख्रिस्ताच्या पूर्वास्तित्वाविषयीच बोलतो, आणि ते पत्र चारही शुभवर्तमानांच्या आधीचे मानले जाते. तेव्हा ही पायऱ्यांची मांडणी कालक्रम म्हणून टिकणे कठीण आहे. भिन्न कल्पना बहुधा सुरुवातीपासूनच शेजारी शेजारी होत्या.

दुसऱ्या व तिसऱ्या शतकांतील मते मुख्यतः त्यांच्या विरोधकांच्या लेखनातूनच कळतात. एबिओनाइट हा यहुदी वळणाचा पंथ येशूला देवाने निवडलेला मनुष्य मानी. बायझँटियमचा थिओडोटस हा चामड्याचा व्यवसाय करणारा गृहस्थ तत्सम मत रोममध्ये मांडत असल्याने बिशप व्हिक्टर याने त्याला इ. स. १९० च्या सुमारास बहिष्कृत केले. याउलट ख्रिस्ताचा देह केवळ भासमान होता असे मानणाऱ्यांविरुद्ध अँटिऑकच्या इग्नेशियसने कळकळीने लिहिले आहे. पिता व पुत्र ही एकाच देवाची निरनिराळी रूपे होत, हे मत सबेलियसच्या नावाने ओळखले जाते.

एरियसचा वाद. अलेक्झांड्रियातील बौकालिस येथील चर्चचा धर्मगुरू एरियस आणि त्याचा बिशप अलेक्झांडर यांच्यात साधारणपणे ३१८ च्या सुमारास (काहींच्या मते दोन-तीन वर्षांनंतर) वाद उद्भवला. एकट्या पित्यालाच आरंभ नाही; पुत्र त्याच्या इच्छेने शून्यातून झाला आणि म्हणून तो सर्व निर्मितीहून श्रेष्ठ असला, तरी निर्मितच होय, असे एरियसचे म्हणणे होते. ‘तो नव्हता, असे कधीतरी होते’ हे त्याचे प्रसिद्ध वाक्य. मूळ ग्रीक वाक्यात ‘काळ’ हा शब्द त्याने कटाक्षाने टाळला आहे, कारण पुत्र काळाच्याही आधी झाला हे त्याला मान्य होते. एरियसला बुद्धिवादी पाखंडी म्हणून रंगवण्याची जुनी रीत होती. ती त्याच्यावर अन्याय करणारी आहे. देवाचे एकत्व व निराळेपण जपावे ही त्याची धार्मिक तळमळ होती, असे अलीकडच्या अभ्यासकांचे म्हणणे अधिक ग्राह्य वाटते.

या वादाचा शास्त्राधार नीतिसूत्रे ८:२२ हे वचन होते. तेथे ‘ज्ञान’ स्वतःविषयी बोलते, आणि ते ज्ञान म्हणजे ख्रिस्तच, हे दोन्ही पक्षांना मान्य होते. वाद क्रियापदाचा होता. हिब्रू ‘कानानी’ या रूपाचा प्रचलित अर्थ ‘मला प्राप्त केले’ किंवा ‘मला आपल्याकडे ठेवले’ असा असला, तरी ‘निर्माण केले’, ‘जन्म दिला’ या छटाही त्यात असू शकतात. सप्ततिकृत या जुन्या ग्रीक भाषांतरात येथे ‘एक्तिसे’, म्हणजे ‘निर्माण केले’, असा शब्द आला आणि एरियसच्या पक्षाने तोच प्रमाण मानला. अक्विलासारख्या नंतरच्या भाषांतरकारांनी मात्र ‘एक्तेसातो’, म्हणजे ‘प्राप्त केले’, असा शब्द योजला होता. दोन्ही ग्रीक शब्द बरेच मिळतेजुळते. सीझेरियाचा युसेबियस याने हिब्रू पाठाकडे लक्ष वेधले, आणि जेरोमने आपल्या लॅटिन भाषांतरात ‘प्राप्त केले’ या अर्थाचाच शब्द घेतला. अलेक्झांडरनंतर अलेक्झांड्रियाचा बिशप झालेल्या अथेनेशियसने पाठभेदाचा आश्रय न घेता हे वचन ख्रिस्ताच्या मनुष्यदेहाला लावले. त्याची युक्ती धर्मदृष्ट्या प्रभावी ठरली. भाषेच्या दृष्टीने मात्र युसेबियसचा मार्ग अधिक भक्कम म्हणावा लागेल.

असाच गोंधळ ‘गेनेतोस’ (झालेला, उद्भवलेला) आणि ‘गेन्नेतोस’ (जन्मलेला) या शब्दांनी केला. एका ‘न’काराचा फरक, लेखनिकांच्या हातून तो सहज गळे आणि उच्चारातही फारसा उमटत नसे. देव ‘अनुद्भूत’ आहे हे तत्त्वज्ञानातले जुने गृहीत. त्यावरून जो जन्मला तो उद्भवला आणि जो उद्भवला तो निर्मित, अशी एरियसपक्षाची साखळी तयार होई. ही साखळी तोडण्यासाठीच ‘जनित, निर्मित नव्हे’ हे शब्द विश्वासांगीकारात (ख्रिस्ती श्रद्धेच्या अधिकृत निवेदनात) घातले गेले.

सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ मध्ये नायसीया येथे धर्मपरिषद बोलावली. उपस्थित बिशपांची परंपरागत संख्या ३१८ सांगतात. ती अब्राहामाच्या ३१८ सेवकांवरून (उत्पत्ती १४:१४) रूढ झाली असावी, आणि समकालीन युसेबियस अडीचशेहून अधिक असे म्हणतो. पुत्र पित्याशी ‘होमोऊसिओस’, म्हणजे एकसत्त्व आहे, असे परिषदेने ठरविले. हा शब्द बायबलातला नव्हता, आणि अँटिऑकचा बिशप समोसाटाचा पौल याला २६८ मध्ये पदच्युत करताना तेथील सभेने तोच त्याज्य ठरविला होता, असे चौथ्या शतकातील लेखक नमूद करतात. सिकंदस व थिओनास या दोन लिबियन बिशपांनी अखेरपर्यंत संमती दिली नाही. एरियससह ते हद्दपार झाले.

परिषदेने वाद मिटला नाही. पुढील अर्धशतकात ‘एकसत्त्व’, ‘समसत्त्व’ (होमिऊसिओस, म्हणजे सारख्या सत्त्वाचा), नुसते ‘सदृश’ आणि ‘विसदृश’ असे पक्ष पडले. ३५७ मध्ये सिर्मियम येथील बिशपांच्या सभेत ‘सत्त्व’ हा शब्दच वापरू नये असे ठरले. अथेनेशियसला पाच वेळा आपले पीठ सोडावे लागले. वाद विद्वानांपुरता राहिला नव्हता. न्यासाचा ग्रेगरी कॉन्स्टँटिनोपलच्या बाजाराविषयी व्यथित होऊन सांगतो, की मोड मागावी तर सराफ ‘जनित’ व ‘अजनित’ यांवर बोलू लागतो, पावाचा भाव विचारावा तर ‘पिता श्रेष्ठ, पुत्र कनिष्ठ’ असे उत्तर मिळते, आणि स्नानाचे पाणी तापले का म्हणावे तर ‘पुत्र शून्यातून झाला’ असे ऐकावे लागते. ‘एक सत्त्व, तीन व्यक्ती’ असा शब्दभेद कॅपाडोशियातील धर्मपंडितांनी स्थिर केल्यावर ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेत नायसीयाचा पक्ष विजयी झाला. उपासनेत आज म्हटला जाणारा ‘नायसीयाचा’ विश्वासांगीकार वस्तुतः याच परिषदेशी जोडला जातो. त्याचा पाठ मात्र ४५१ च्या कागदपत्रांत प्रथम आढळतो. गॉथ लोकांत एरियसपंथीय परंपरा नंतरही टिकली. स्पेनमधील व्हिसिगॉथांनी ती ५८९ मध्ये टोलेडो येथे सोडली.

दोन स्वभावांचा प्रश्न. पुत्र पूर्ण देव ठरल्यावर तो मनुष्य कसा, हा प्रश्न पुढे आला. ख्रिस्ताच्या ठायी मानवी बुद्धीची जागा ‘शब्दा’ने घेतली, हे अपॉलिनेरिसचे मत नाकारले गेले. ४२८ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झालेल्या नेस्टोरियसने मरियेला ‘देवमाता’ म्हणण्यास हरकत घेऊन ‘ख्रिस्तमाता’ हा शब्द सुचविला. अलेक्झांड्रियाच्या सिरिलच्या पुढाकाराने इफिससच्या परिषदेने (४३१) त्याला पदच्युत केले. सिरियाक भाषांतराच्या रूपाने उरलेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी प्रकाशित झालेला नेस्टोरियसचा ग्रंथ वाचल्यावर, त्याच्यावर लादलेले ‘दोन ख्रिस्तां’चे मत त्याचे नव्हते, असे मानण्याकडे अनेकांचा कल आहे. ४५१ मध्ये खाल्सेडन येथे एकाच व्यक्तीत दोन स्वभाव मिसळण, बदल, विभाग व वियोग यांविना आहेत, असे ठरले. ‘दोन स्वभावांतून’ म्हणावे की ‘दोन स्वभावांत’, या विभक्तीच्या फरकावर सिरिलची भाषा प्रमाण मानणारी इजिप्त, सिरिया व आर्मेनिया येथील चर्चेस दुरावली; इराणमधील पूर्व चर्च आधीच वेगळ्या वाटेला लागले होते.

भारताशी संबंध. सहाव्या शतकातील प्रवासी लेखक कॉस्मस ‘कल्लिआना’ येथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचे सांगतो. हे ठाणे जिल्ह्यातील कल्याण असावे, असे अनेकांचे मत असले, तरी काही अभ्यासक ते केरळातील कोल्लम मानतात. प्रेषित तोमा (थॉमस) याच्यापासून आपली परंपरा सांगणाऱ्या केरळच्या तोमाख्रिस्ती समाजाची उपासना पूर्व चर्चच्या सिरियाक परंपरेतली होती. गोव्याचे आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांनी १५९९ मध्ये उदयंपेरूर येथे सभा भरवून नेस्टोरियसचा निषेध करविला, आणि सिरियाक ग्रंथ दुरुस्त करण्याचे वा जाळण्याचे आदेश दिले. त्या समाजाचा लेखी वारसा त्यामुळे मोठ्या प्रमाणावर कायमचा हरपला, ही भरून न येणारी हानी आहे. पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांची सत्ता झुगारणाऱ्या १६५३ च्या कूनन क्रूस शपथेनंतर त्यांपैकी एक गट १६६५ मध्ये आलेल्या मार ग्रेगोरिओस यांच्यामुळे सिरियन ऑर्थोडॉक्स, म्हणजे खाल्सेडन न मानणाऱ्या, परंपरेशी जोडला गेला. नेस्टोरियसच्या नावाने दूषित ठरलेल्या समाजाचा हा भाग अशा रीतीने सिरिलच्या पक्षात गेला.

पोप पॉल सहावे व कॉप्टिक पोप शेनूडा तिसरे यांनी १९७३ मध्ये, तर पोप जॉन पॉल दुसरे व पूर्व चर्चचे मार दिन्खा चौथे यांनी ११ नोव्हेंबर १९९४ रोजी ख्रिस्ताविषयीच्या समान श्रद्धेची संयुक्त निवेदने केली. दुसऱ्या निवेदनात ‘देवमाता’ व ‘ख्रिस्तमाता’ ही दोन्ही संबोधने ग्राह्य मानलेली आहेत.